टांझानियात राहताना : आभार मानायचे ते नेमके कशाचे?

दारवासिनी (धागाकर्ती)

मंडळी, दर 9 डिसेंबरला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या दार-ए-सलामच्या भारतीय व्हॉट्सॲप गटांवर टांझानियाचा झेंडा फिरतो आणि खाली ठरलेला मजकूर असतो, 'या शांत, साध्या, प्रेमळ देशाचे आभार.' भावना खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातला सूर मला हल्ली खटकतो. इथला समुद्र आणि आंबे जसे आयते मिळाले तशी शांतताही जमिनीतूनच उगवली, असा काहीसा तो सूर असतो.

120 हून जास्त जमाती, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही मोठ्या संख्येने, शेजारी रवांडा, बुरुंडी आणि काँगो. अशा जागी शांतता आपोआप टिकत नसते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे (इथे आजही सगळे त्यांना म्वालिमु, म्हणजे मास्तर म्हणतात) आणि त्यांच्या पिढीने ती खपून उभी केली. न्येरेरे स्वतः झनाकी नावाच्या छोट्या जमातीच्या प्रमुखाचे चिरंजीव. तरी जमातप्रमुखांचे वंशपरंपरागत अधिकार 1963 साली त्यांच्याच सरकारने काढून घेतले. राष्ट्रभाषा केली स्वाहिली, जी कुठल्याच मोठ्या जमातीची घरातली भाषा नव्हती. माध्यमिक शाळेसाठी मुलं घरापासून लांब वसतिगृहात जायची, सरकारी नोकरांच्या बदल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला व्हायच्या. आमच्या ऑफिसातलं पन्नाशी ओलांडलेलं कोणीही घ्या : जन्म किलिमांजारोच्या उतारावर, शाळा टबोराला, पहिली नोकरी म्त्वाराला आणि बायको तिसऱ्याच जमातीची.

आणि 1967 नंतर इथल्या एकाही जनगणनेत धर्म किंवा जमात विचारलेली नाही! 2022 साली लोकसंख्या 6 कोटी 17 लाख भरली, पण त्यात सुकुमा किती, चग्गा किती, हे त्या गणनेवरून सांगता येत नाही. (यावरून आपल्याकडच्या जातनिहाय जनगणनेची चर्चा कृपया इथे सुरू करू नका. त्यासाठी ढीगभर धागे आहेत.)

धागा काढायचं कारण मात्र घरगुती आहे. मसिकाच्या पावसात, म्हणजे मार्च ते मेच्या दरम्यान, माझे सासरे सांगलीला वारले. नवरा मिळेल त्या विमानाने निघाला, मी मुलांच्या परीक्षेमुळे इथेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातल्या बायका दारात उभ्या. कमरेला कांगा गुंडाळलेला, काखेत चटया, तांदळाची पिशवी, तेलाचा डबा. काही न विचारता दिवाणखान्यात चटया अंथरून बसल्या. एकीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बोलणं फार नाहीच, अधूनमधून 'पोले साना' (फार वाईट झालं) आणि एक भजन, जे मला कळत नव्हतं. निघताना त्यांच्यातल्या खजिनदार बाईंनी एक पाकीट आणि एक वही पुढे केली. वहीत नावांची रांग आणि प्रत्येकापुढे आकडा. साहेबांचे 50 हजार शिलिंग, ड्रायव्हरचे 5 हजार. याला म्चांगो म्हणतात. कोणाकडे म्सिबा, म्हणजे मयत झाली की सगळे काढतात.

जेवणाचं मला कळलं. सुतकातल्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायची पद्धत माझ्या माहेरीही आहे. पण पैसे? सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'अगं, दुखवट्यात पैसे कसले घेतेस? आपल्याला काय कमी आहे?' नवऱ्याचंही तेच मत. त्या ड्रायव्हरला घरी पाच खाणारी तोंडं आहेत, त्याचे 5 हजार आपण घ्यायचे?

मी घेतले. मी हिशेब खात्यात आहे, त्यामुळे ही वही मी दुसऱ्या बाजूने नेहमी पाहिलेली आहे. तिच्यात ज्याचं नाव देणाऱ्यांत असतं त्याचं कधी ना कधी घेणाऱ्यांतही येतंच. फक्त देणारे असे आम्ही भारतीयच. आम्ही नेत्रशिबिरं भरवतो, शाळेत विंधनविहीर खणून देतो, वर संगमरवरी पाटी लावतो. चांगलीच कामं आहेत. पण त्यात आमच्या घरी कोणी चटई घेऊन येण्याची सोय नाही.

तुम्ही परदेशात असाल किंवा नसाल, काय केलं असतंत? आणि ज्या देशाचं मीठ खातो त्याचे आभार देऊन फेडायचे की घेऊन?

---

खारट_शेंगदाणा

वाचतेय. चटयांचा प्रसंग डोळ्यांसमोर आला.

---

आजोबा_गच्चीवर

पैसे घ्यायला नको होते, हे माझे स्पष्ट मत. भावना पोचली म्हणून नमस्कार करावा आणि पाकीट परत द्यावे. आपल्यात आहेराची पद्धत आहे, पण ती शुभकार्यात. आणि तुमच्या हाताखालच्या माणसाकडून तर नाहीच नाही.

---

नैरोबी_डायरी

ताई, मी सीमेच्या अलीकडे, केनियात असतो. कंपनीच्या कामाने दारला (दार-ए-सलामला) येणं-जाणं असतं. फरक पहिल्या तासात जाणवतो. नैरोबीत नवा माणूस भेटला की आडनावावरून किकुयू की लुओ हे मनातल्या मनात ठरवलं जातं, आणि निवडणूक जवळ आली की ते मनात राहत नाही. 2007 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर इथे हजाराहून जास्त माणसं मारली गेली. आमच्या जनगणनेत जमात अजूनही विचारतात.

उलट बाजू पण सांगतो. केनियन सहकारी टांझानियाच्या लोकांची भरपूर टिंगल करतात : हळू, अतिनम्र, साहेबापुढे तोंड उघडणार नाहीत. दारच्या ऑफिसात एका फाइलवर सही हवी तर आधी आजीच्या तब्येतीपर्यंतची विचारपूस. मला पहिल्यांदा वैताग यायचा. आता येत नाही असं नाही, पण कमी येतो.

पाकिटाबद्दल : घेतलंत ते बरोबर. इथेही हरांबेला म्हणजे वर्गणी जमवायला बोलावलं आणि गेलं नाही तर चालतं, पण तुमच्या वेळी लोकांना बोलावलं नाही तर मात्र मनात धरतात.

---

शंकेखोर

लेख चांगला, पण न्येरेरेंची आरती जरा जास्त झाली. काही गोष्टी नोंदवून ठेवतो.

खटल्याविना स्थानबद्धतेचा कायदा 1962 चाच, म्हणजे स्वातंत्र्यानंतर वर्षाच्या आत. पुढे उजामा खेडी, म्हणजे विखुरलेल्या लोकांना एकत्र आणून वसवलेली सामूहिक शेतीची खेडी. सुरुवातीला ऐच्छिक होती. 1973 मध्ये फर्मान निघालं की 1976 पर्यंत सगळ्यांनी खेड्यांत राहायला यायचं. लाखो लोक हलवले गेले, कित्येक ठिकाणी बळजबरीने, जुनी घरं मोडून. शेतीचं नुकसान झालं ते वेगळंच. निर्वासितांना थारा देणारा देश म्हणून कौतुक होतं, पण 1996 च्या डिसेंबरमध्ये रवांडाच्या निर्वासितांना याच देशाने सैन्य लावून परत धाडलं.

आणि अगदी कालपरवाचं. 29 ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीचं काय? प्रमुख विरोधी नेता देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात, निकालात 97 टक्क्यांच्या वर मतं, रस्त्यावर तरुण, गोळीबार, संचारबंदी, इंटरनेट बंद. मृतांचे आकडे सरकार आणि विरोधक यांचे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. 'शांत देश' म्हणून आभार मानणारे तुमचे व्हॉट्सॲप गट तेव्हा काय म्हणत होते?

---

दारवासिनी

@शंकेखोर, गट बंदच होता, इंटरनेट नव्हतं. :) पण प्रश्न टाळत नाही.

त्या दिवसांत आम्ही घरात होतो. पीठ आणि दूध संपत आलं तेव्हा आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने कुठून तरी दूध आणून दिलं, त्याचं स्वतःचं घर दंगलीच्या वस्तीपलीकडे असताना. इंटरनेट परत आल्यावर भारतीय गटांवर पहिला संदेश आला तो 'आता सगळं शांत आहे, देवाची कृपा'. ऑफिसातल्या पंचविशीतल्या एका मुलीने मला तेव्हा सांगितलं की अमानी, म्हणजे शांतता, हा शब्द आम्हाला लहानपणापासून शाळेत पाठ करायला लावलाय आणि आता तोच तोंडावर हात ठेवायला वापरतात. तिच्या आईने लगेच तिला गप्प केलं. दोघी माझ्यासमोर भांडल्या. आईच्या डोळ्यांसमोर 1994 चं रवांडा होतं. कागेरा नदीतून वाहत आलेली प्रेतं तिने तरुणपणी ऐकून-पाहून सोसलेली. मुलीच्या डोळ्यांसमोर तिचा वर्गमित्र.

म्हणूनच तर म्हणते, 'शांत आणि साधे' हे कौतुक पुरेसं नाही. ते म्हटलं की आपली सुटका होते. मग उजामाची बळजबरीही बघायला नको आणि ऑक्टोबरही नको. शाळा, भाषा, बदल्या यांनी जे बांधलं ते मला खरंच मोलाचं वाटतं. पण त्याच्या विटा कोणाच्या डोक्यावरून वाहिल्या हेही त्याच हिशेबात आलं पाहिजे. 2014 साली याच देशाने 1972 पासून आलेल्या बुरुंडीच्या सुमारे 1 लाख 62 हजार निर्वासितांना नागरिकत्व दिलं. 1996 आणि 2014 दोन्ही याच देशाचे.

---

लातूरची_डाळ

मी अर्थकारणातला माणूस, मूल्यांवर बोलायचा अधिकार नाही. पण टांझानियाचे आभार मानायचे तर आमच्या बाजारपेठेने आधी मानावेत. आपल्या ताटातल्या वरणात म्त्वारा, लिंडी, बाबाटीकडची तूर किती वेळा असते हे ग्राहकाला माहीतही नसतं. आपल्याकडे पीक बुडालं की आपण त्यांना विचारतो, पिकलं की दार लावून घेतो. ऑगस्ट 2017 मध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. इथल्या शेतकऱ्याच्या बाजूने ते योग्यच होतं, आमच्याकडे तेव्हा हमीभावाखाली तूर विकली जात होती. पण तिकडच्या शेतकऱ्याने आपल्याच मागणीवर भरवसा ठेवून पेरलेली होती. तिथला भाव कोसळला. मी त्या काळात तिकडच्या एका व्यापाऱ्याशी बोललो होतो. त्याला वाटत होतं की मी काहीतरी करू शकेन. मी लातुरात बसून काय करणार?

---

दारवासिनी

@लातूरची_डाळ, हे इथे लोकांना नीट आठवतं. तूर म्हणजे म्बाझी. किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मांडाझीबरोबर (तळलेला गोडसर पाव) खातात, छान लागते. पण पिकवतात त्यातली पुष्कळशी भारतासाठीच.

---

जुना_उपांगाकर

मी सत्तरी पार केलेला, जन्म दारचा, सध्या मुक्काम लंडनजवळ. आजोबा गोऱ्यांच्या काळात कारकून म्हणून गेले होते. शाळेत माझ्याबरोबर गुजराती, इस्माइली, गोवेकर सगळे होते. मराठी घरं मोजकी.

आशियाई लोकांच्या तोंडून टांझानियाबद्दल एक आठवण हमखास निघते, 1971 ची. एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण मालक बहुतेक आशियाईच होते. कित्येक कुटुंबांनी त्यानंतर कॅनडा, इंग्लंडची वाट धरली. ज्यांची आयुष्याची कमाई त्या भिंतींत होती त्यांच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करू नये, असं मला वाटतं.

आमचं बिऱ्हाड मात्र भाड्याचं होतं. त्यामुळे ती गोष्ट आमच्या घरात वेगळी सांगितली जायची. मालक गेले, सरकार मालक झालं, आणि जिन्यातून वर येणारे नवे भाडेकरू पहिल्यांदाच आफ्रिकन होते. आईला सुरुवातीला जड गेलं, हे लपवत नाही. नंतर त्यातल्याच एका बाईकडून ती मचिचाची भाजी शिकली आणि तिला तिने फोडणी घालायला शिकवलं.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या तोंडून फारशी निघत नाही. ऑक्टोबर 1961 मध्ये, स्वातंत्र्य जेमतेम दोन महिन्यांवर असताना, नागरिकत्वाच्या विधेयकावर तिथल्या सभागृहात चर्चा झाली. काही सदस्यांचा आग्रह होता की नागरिकत्व फक्त काळ्यांना द्यावं. न्येरेरेंनी विरोध केला. नागरिकत्व निष्ठेवर ठरेल, कातडीच्या रंगावर नाही, आणि हे मान्य नसेल तर सरकार राजीनामा देईल, इथपर्यंत ताणलं. त्यांच्याच पक्षातले लोक समोर होते. म्वांझात जन्मलेले अमीर जमाल 1965 पासून देशाचे अर्थमंत्री होते, आणि गंमत म्हणा की शोकांतिका, 1971 मध्येही तेच अर्थमंत्री होते.

माझ्या वडिलांनी नागरिकत्व घेतलं नाही. दुहेरीची सोय नव्हती, आजही नाही. मामाने घेतलं आणि तो तिथेच राहिला, तिथेच गेला. त्याच्या अंत्ययात्रेला किती माणसं होती हे मला मामेभावाने सांगितलं तेव्हा वडील ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

खारट_शेंगदाणा

काका, स्वतंत्र लेख लिहा ना. मचिचा म्हणजे आपला माठ का?

---

जुना_उपांगाकर

हो, माठाच्याच जातीची पालेभाजी. तिथे नारळाच्या दुधात करतात. लेखाचं बघतो, बोटं दुखतात टंकताना.

---

सई_कोथरूड

मी जरा आरसा आपल्याकडे वळवते. आमच्या सोसायटीत दोन टांझानियन मुलं भाड्याने राहायला आली होती, इथल्या कॉलेजात शिकणारी. लिफ्टमध्ये प्रत्येक वयस्कर माणसाला वाकून नमस्कार केल्यासारखी मान लववायची. सर्वसाधारण सभेत त्यांच्याविरुद्ध ठराव आला : 'अनोळखी लोकांचा वावर'. वावर म्हणजे रविवारी चार मित्र जेवायला येत. ठराव मंजूर झाला नाही, पण घरमालकाने करार वाढवला नाही, म्हणजे झालंच.

2016 मध्ये बंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला होता. अपघात दुसऱ्याच आफ्रिकन देशाच्या माणसाच्या गाडीने झाला होता. हिचा संबंध एवढाच की तीही काळी आणि थोड्या वेळाने त्या रस्त्यावरून गेली. दारवासिनीताई, तुमच्याकडे चटया घेऊन येणाऱ्या बायकांचीच मुलं इकडे शिकायला येतात. इथे त्यांच्यातलं कोणाचं वारलं तर आपल्यातली कोण चटई घेऊन जाते?

---

शंकेखोर

+1. सईताईंचा प्रतिसाद माझ्या प्रतिसादापेक्षा बोचरा आहे आणि बरोबर आहे.

---

आजोबा_गच्चीवर

सईताईंशी सहमत. पाकिटाबद्दलचे माझे मत मात्र कायम. ड्रायव्हरचे 5 हजार शिलिंग ही त्याची गरज आहे, तुमची नाही. धाग्यावर सगळे भावनेत वाहवत चालले आहेत.

---

दारवासिनी

आजोबा, तुमचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाहीच, म्हणून जरा लांबण लावते.

त्याच ड्रायव्हरची आई काही महिन्यांनी गेली. चग्गा लोक आपलं माणूस शक्यतो मूळ गावच्या जमिनीतच पुरतात, त्यामुळे दारहून किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीपर्यंत शवपेटी आणि बसभर माणसं न्यायची. हा खर्च एका ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरचा. तो भागला तो त्या वहीतून. आणि वहीत यावेळी आमच्या घराचा आकडा लिहिताना खजिनदार बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही की तुम्ही द्याल ना. गृहीत धरलं होतं. आधी प्रत्येक वेळी 'मॅडम, जमलं तर' असायचं. त्याचे 5 हजार मी परत केले असते तर आज त्याच्या घरी मी फक्त साहेबांच्या जागी बसणारी मॅडम म्हणून गेले असते. तुम्हाला ते मान्य होणार नाही, पण मला ते बदललेलं जाणवलं.

मोशीला एक प्रकार पाहिला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे काही जमातींमध्ये उतानी असते, म्हणजे एकमेकांची थट्टा करायचा परवाना. चग्गा आणि पारे हे असे शेजारी. चग्गा पैशाला हपापलेले, पारे कंजूष आणि कोंबडीवरूनही कोर्टात जाणारे, अशी परस्परांची चेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालते. अंत्यविधी सुरू असताना एक पारे गृहस्थ पुढे आले आणि पेटीजवळ नाणी खुळखुळवायला लागले. 'पैशाचा आवाज ऐकूनही म्हातारी उठली नाही, म्हणजे खरंच गेली!' मी गारठले. आणि ज्याची आई गेली तो ड्रायव्हर, सकाळपासून दगडासारखा बसलेला, हसला आणि मग रडला. त्या गृहस्थांना नंतर मानाने जेवायला बसवलं.

हे मात्र न्येरेरेंनी केलेलं नाही. ते फार जुनं आहे. सरकारने केलं ते एवढंच की पारे आणि चग्गा यांना एकाच शाळेच्या बाकावर बसवलं आणि उतानी तुटू दिली नाही. (आपल्याकडे कोणी असं करून पाहावं, दुसऱ्या दिवशी बंद पुकारला जाईल.)

@सई, उत्तर नाही माझ्याकडे. पुण्यातल्या एका मुलाची आई आमच्याच इमारतीत राहते. तुझा प्रतिसाद वाचल्यापासून तिला काही विचारायची हिंमत होत नाहीये.

---

नैरोबी_डायरी

नाण्यांचा किस्सा अफाट आहे. ताई, ऑफिसात उपातु पण चालतो का तुमच्या? इथे आमच्याकडे त्याला चामा म्हणतात, शुद्ध भिशी.

---

दारवासिनी

चालतो ना, मी दोन उपातुंत आहे. पण भिशीपेक्षा कडक. हप्ता चुकला की गटावर नाव जाहीर.

सध्या मात्र सगळा जीव लग्नाच्या समितीत अडकलाय. ऑफिसातल्या एका मुलाचं लग्न आहे आणि यावेळी खजिनदार मी. दर शनिवारी बैठक, वेळ चारची, सुरू होते साडेपाचला. काल वाद झाला तो डीजेवरून. मुलाकडचे म्हणतात डीजे, मंडप आणि केक यांना हात लावायचा नाही, हवं तर जेवणातलं एक मटण कमी करा. मी म्हटलं डीजे अर्ध्या पैशांत मिळतो, माझ्या ओळखीचा आहे. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नवरदेवाचा अपमानच केलाय. समितीचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर आहेत, मोठ्या प्रेमाने म्हणाले, 'मामा (इथे बाईला मान देऊन असंच हाक मारतात), हिशेब तुमच्याकडे, डीजे आमच्याकडे.' येत्या शनिवारी पुन्हा बैठक आहे. मी कोटेशन घेऊनच जाणार आहे.